स्तनातलं इम्प्लांट सरकलंय की अजून बसतंय? सर्जन तीनशे किलोमीटरवर असताना लक्ष कसं ठेवायचं

रात्री साडेनऊला गंगाखेडहून फोन. "सिस्टर, उजवं वर अन् डावं खाली दिसायलंय. कामून असं व्हायलं?" ऑपरेशन पुण्यात झालेलं, अठरावा दिवस. सासूला सांगितलंय गाठ काढली म्हणून. त्यामुळे बाई गच्चीवर जाऊन हळू आवाजात बोलतेय आणि निम्मं मला वाऱ्यातच ऐकू येतंय.

मी बरीच वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात आणि ओपीडीत सिस्टर म्हणून काम केलं. स्तनवृद्धीच्या ऑपरेशननंतर येणाऱ्या अशा फोनांमध्ये बहुतेकींना काहीच करायचं नसतं, फक्त थांबायचं असतं. थोड्या जणींना मात्र त्याच रात्री गाडी काढायची असते. गोंधळ असा, की घाबरून फोन करते ती पहिल्या प्रकारातली आणि "बघू, होईल कमी" म्हणून गप्प बसते ती दुसऱ्या प्रकारातली.

पुण्या-मुंबईच्या बाईला शंका आली तर ती रिक्षा करून ओपीडीत जाते. परभणी, हिंगोली, धाराशिव, बीडची बाई तसं करू शकत नाही. रात्रीची गाडी, रजा, मुलांची सोय आणि घरी सांगायला एक कारण, एवढं जमवावं लागतं. म्हणून पहिले सहा महिने राखण तिची तिलाच करावी लागते. ती कशी करायची, ते इथे सांगते. काय करायचं हा निर्णय सर्जनचाच. पण त्यांच्यापुढे नीट माहिती ठेवली तर तो निर्णय लवकर आणि बरोबर होतो.

उशी आणि अभ्रा

आधी आत काय केलंय ते कळायला हवं. इम्प्लांट म्हणजे आत बसवायची मऊ पिशवी, तिच्यासाठी सर्जन एक कप्पा तयार करतात. तो स्तनाच्या ग्रंथीच्या मागे असतो, नाहीतर छातीच्या स्नायूच्या मागे. बऱ्याचदा वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा ग्रंथीखाली अशी मिश्र पद्धत वापरतात, तिला ड्युअल प्लेन म्हणतात. इम्प्लांट सहसा कुठे शिवून ठेवत नाहीत. शरीर त्याच्याभोवती स्वतःचं एक पातळ आवरण विणतं, ती कॅप्सूल. इम्प्लांट म्हणजे उशी आणि कप्पा म्हणजे अभ्रा असं धरा. अभ्रा ढगळ झाला तर उशी सरकते, खालची शिवण उसवली तर खाली घसरते, अभ्रा आटला तर उशी गोळा होऊन वर येते. पुढचं सगळं या तीन वाक्यांतच बसतं.

1962 साली अमेरिकेत ह्यूस्टनला पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं, तेव्हा ते जागचं हलू नये म्हणून त्याच्या पाठीला डेक्रॉन कापडाची ठिगळं लावलेली होती. पुढे ती गेली. नंतर खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट आली, त्यांनी जागा सोडू नये हाही त्यातला एक हेतू. त्यातली अ‍ॅलर्गन कंपनीची बायोसेल ही जात 2019 साली जगभरातून परत मागवली, कारण तिच्याशी जोडलेला एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, लक्षात आला. आज बऱ्याच ठिकाणी गुळगुळीत इम्प्लांट वापरतात. ती कप्प्यात सहज हलतात, म्हणून कप्पा मापात असणं आणि सुरुवातीचे आठवडे सांभाळणं याला जास्त महत्त्व आलंय.

पायरी पहिली: कॅलेंडर भिंतीवर लावा

पहिले दोन आठवडे स्तन वर, घट्ट आणि थोडे चौकोनी दिसतात. स्नायू ताठलेला असतो, तो इम्प्लांटला वर दाबून धरतो. वरून गच्च भरलेलं आणि खाली रिकामं असं दिसलं की बायका म्हणतात, "गळ्याशी आलंय." यात बिघडलेलं काही नसतं.

सहा आठवड्यांत बरीचशी सूज ओसरते. तीन महिन्यांपर्यंत स्नायू सैलावतो, खालची कातडी हळूहळू ताणते आणि इम्प्लांट आपल्या जागी उतरतं. स्नायूखाली बसवलेलं असेल तर सहा महिनेही लागतात. दोन्ही बाजू एकाच वेगानं उतरत नाहीत. ज्या हातानं जास्त काम, त्या बाजूचा स्नायू जास्त दणकट, म्हणून उजवी बाजू महिनाभर मागे राहिली तरी मी घाबरत नाही. गंगाखेडच्या बाईंचं हेच होतं.

आणखी एक. ऑपरेशनच्या आधीही दोन्ही बाजू सारख्या नसतातच. एक बरगडी जरा पुढे असते, एक स्तनाग्र अर्धा सेंटिमीटर खाली असतं. आधी कुणी एवढं निरखून बघत नाही, नंतर रोज बघतात. म्हणून ऑपरेशनपूर्वीचे फोटो सर्जनकडून मागून घ्या. "हे आधीपासूनच होतं" हे फोटोवरून कळतं, आरशावरून नाही.

पायरी दुसरी: फोटो आणि टेप

रोज आरशात बघू नका. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, फक्त भीती दिसते. ऑपरेशननंतर ड्रेसिंग निघालं की पहिला संच काढा. मग तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, तिथून पुढे महिन्यातून एकदा.

फोटो असे हवेत: एकच भिंत, शक्यतो साधी. सकाळचा खिडकीतला उजेड, फ्लॅश नाही. फोन स्तनाग्राच्या उंचीला, पाच-सहा फुटांवर, टेबलावर डबा ठेवून त्याला टेकवलेला, टायमर लावलेला. हात वर करून स्वतःच फोटो काढला तर एक खांदा उचलला जातो आणि ती बाजू वर दिसते. मला आलेल्या निम्म्या "वर-खाली" फोटोंचं कारण एवढंच होतं. समोरून एक, दोन्ही तिरक्या बाजूंनी दोन, दोन्ही कुशींनी दोन. मग कमरेवर हात ठेवून आतल्या बाजूला जोरात दाबत एक, हात डोक्यावर नेऊन एक आणि उताणं झोपून एक. झोपलेल्या फोटोला कुणाची तरी मदत लागते, नवरा किंवा बहीण. चेहरा घ्यायचा नाही.

फोन घरात कुणाकुणाच्या हातात जातो याचा विचार आधी करा. एका बाईचे फोटो आपोआप बॅकअपला गेले आणि दिवाळीत बैठकीतल्या टीव्हीवर फोटोंची माळ फिरत असताना समोर आले. पाहुणे बसलेले. तेव्हा बॅकअप बंद करा, कुलूपबंद फोल्डर वापरा आणि सर्जनकडे पाठवताना ते कुणाच्या नंबरवर जातात हे विचारून घ्या. समन्वय करणाऱ्या मुलीच्या फोनवर जात असतील तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

आता टेप. शिंप्याचा साधा कापडी टेप घ्या आणि तीन मापं वहीत लिहा, सेंटिमीटरमध्ये. पहिलं, गळ्याच्या खालच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंत. दुसरं, स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत, कातडी हलकी ताणून. तिसरं, छातीच्या मधल्या हाडाच्या रेषेपासून स्तनाग्रापर्यंत. दोन्ही बाजूंची. दर वेळी तीच व्यक्ती मापं घेत असेल तर उत्तम.

यातलं दुसरं माप सगळ्यात जास्त बोलतं. पहिल्या तीन-चार महिन्यांत ते थोडं वाढणारच, कारण खालचा भाग ताणून इम्प्लांटला जागा देतो. दोन्हीकडे सारखं वाढून मग थांबलं तर ठीक. एका बाजूचं थांबलं आणि दुसरीचं दर महिन्याला वाढतच राहिलं, किंवा सहा महिन्यांनंतरही वाढतंय, तर ते आकडे सर्जनला पाठवा.

आणि ब्लाऊज शिवणाऱ्या ताईचं ऐका. गंमत नाही. कापडाच्या टक्सचं टोक जिथे यायला हवं तिथून खाली येतंय, हे तिला आपल्या आधी कळतं. सेलूच्या एका बाईला शिवणाऱ्या ताईनंच सांगितलं होतं, "मागच्या मापानं शिवला, तरी डावीकडं खाली दाटायलाय." दीड महिन्यानं सर्जननी तपासून तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

पायरी तिसरी: कुठल्या दिशेला गेलंय

*वरच अडकलेलं.* तीन-चार महिने उलटले तरी इम्प्लांट उतरत नाही, वर उंचवटा आणि स्तनाग्र खाली बघतंय. कारण बहुधा कप्प्याचा खालचा भाग पुरेसा मोकळा झालेला नसतो, किंवा स्नायू पुरेसा सोडवलेला नसतो. सुरुवातीला सर्जन वरून बांधायचा रुंद पट्टा देतात, कधी मसाज शिकवतात. इथे एक गोष्ट वेगळी ओळखावी लागते. इम्प्लांट आधी उतरलं होतं आणि आता पुन्हा वर चढतंय, सोबत हाताला कडक लागतंय, तर कॅप्सूल आटतेय असं समजा. तिला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. तिच्या बेकरच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत स्तन नैसर्गिक मऊ. दुसरीत हाताला थोडा कडक, दिसायला ठीक. तिसरीत कडक आणि आकारही बिघडलेला. चौथीत त्यात दुखणंही आलं. तिसरी-चौथी पट्ट्यानं किंवा मसाजनं बरी होत नाही.

*खाली घसरलेलं.* आपल्याकडे मला सगळ्यात जास्त हेच दिसलं, आणि उशिरानं दिसलं. स्तनाखालची घडी ही नुसती कातडीची रेघ नसते, आतून तिला धागे धरून ठेवतात. ऑपरेशनमध्ये ते जास्त सुटले, इम्प्लांट अंगापेक्षा जड निवडलं किंवा सुरुवातीलाच ताण पडला, तर घडी हार खाते आणि इम्प्लांट तिच्या खाली उतरतं. ओळख सोपी आहे. वरचा भाग रिकामा, स्तनाग्र आकाशाकडे बघतंय, ब्राच्या वरून बाहेर यायला लागतंय. चीर घडीत घेतलेली असेल तर व्रण बघा. जो व्रण घडीत लपला होता, तो आता स्तनाच्या खालच्या अंगावर, समोरून दिसेल असा चढलाय. खरं तर व्रण चढलेला नसतो, इम्प्लांट त्याच्या खाली गेलेलं असतं.

"मोठाच बसवा" हा आग्रह इथे महागात पडतो. पातळ कातडी आणि साडेतीनशे-चारशे सीसीचं इम्प्लांट हे वजन वर्षानुवर्षं त्याच घडीनं पेलायचं असतं. सर्जननी छातीच्या रुंदीचं माप घेऊन लहान आकार सुचवला तर त्याला कंजूषपणा समजू नका.

*दोन उंचवटे.* जुन्या घडीची रेघ स्तनाच्या खालच्या भागावर आडवी तशीच राहते आणि तिच्या खाली इम्प्लांटचा दुसरा उंचवटा दिसतो, दोन वाट्या एकीखाली एक ठेवल्यासारखा. मुळात ज्यांचा खालचा भाग आखूड, आवळलेला असतो, त्यांच्यात हे जास्त. हलकी रेघ पहिल्या काही महिन्यांत विरते. पक्की रेघ विरत नाही.

*बाजूला, काखेकडे.* उताणं झोपल्यावर थोडं बाजूला जाणं नैसर्गिक आहे, इम्प्लांट नसलेल्या स्तनाचंही तेच होतं. पण इम्प्लांट काखेच्या पुढच्या रेषेपलीकडे जाऊन पडतंय, हात खाली सोडला की त्याला घासतोय, मध्ये हाताचा पंजा बसेल एवढी मोकळी जागा पडलीय, तर कप्पा बाहेरच्या बाजूनं ढगळ आहे. काहींच्या बरगड्याच बाहेरच्या बाजूला उतरत्या असतात, त्यांच्यात हे होणं सोपं.

*मध्ये जवळ आलेलं.* दोन्ही कप्पे मधल्या हाडाकडे इतके सरकतात की मधली कातडी हाडावरून उचलली जाते. तपासायचं असं: मधल्या हाडावर बोट ठेवून दाबा. खाली हाड लागलं आणि कातडी त्याला चिकटून असेल तर बरं. कातडी तंबूसारखी ताणलेली असेल आणि दोन्ही इम्प्लांट एकत्र हलत असतील तर लगेच कळवा. यात वाट बघून फायदा नसतो आणि दुरुस्ती सगळ्यात किचकट हीच. फोटो दाखवून "मधली फट नको" म्हणणाऱ्या मुलींना मी हे आधीच सांगायचे.

*फिरलेलं.* थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट आडवं फिरलं तर स्तनाचा आकार एका रात्रीत बदललेला दिसतो. गोल इम्प्लांट फिरलं तरी कळत नाही, पुढचं मागे उलटलं तरच वरून चपटं वाटतं. सोनोग्राफी करून खात्री होते.

*भाकरी थापताना उडी मारणारं.* याला पुस्तकात वेगळं नाव आहे, पण मला ते आपल्याकडच्या स्वयंपाकघरातच समजलं. स्नायूखालच्या इम्प्लांटवर छातीचा स्नायू आवळला की इम्प्लांट वर आणि बाहेर ओढलं जातं, कातडीला खळी पडते. कमरेवर हात दाबून काढलेला फोटो याच्यासाठी. ज्वारीचं पीठ तळहाताच्या टाचेनं मळणं आणि भाकरी थापणं हे या स्नायूचंच काम आहे. एका आईनं मला लातूरहून व्हिडिओ पाठवला. परातीसमोर बसलेली, प्रत्येक थापेला ब्लाऊजखाली हालचाल. ती म्हणाली, "पोरी हसायल्यात." स्नायू ढिला असताना जागा बरोबर असेल तर हे सरकणं नव्हे. थोड्या प्रमाणात ते बहुतेक स्नायूखालच्या इम्प्लांटमध्ये असतं. त्रास फार असेल तर इम्प्लांट स्नायूच्या पुढच्या बाजूला आणता येतं, पण ते दुसरं पूर्ण ऑपरेशन आहे. ज्यांच्या घरी रोज वीस-पंचवीस भाकरी होतात त्यांनी इम्प्लांट स्नायूखाली की ग्रंथीखाली हे पहिल्या ऑपरेशनआधीच विचारावं.

हे दिसलं तर पुण्याची वाट बघू नका

पहिल्या काही दिवसांत एकच बाजू तासाभरात किंवा काही तासांत टम्म फुगली, ताठ झाली, दुखणं वाढतंय, कातडी निळसर पडतेय. आत रक्त साठतंय. जवळचं मोठं रुग्णालय गाठा. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, लातूर, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, किंवा सर्जन आणि भूलतज्ज्ञ हजर असलेलं कुठलंही खासगी रुग्णालय. साठलेलं रक्त काढायला जनरल सर्जनही पुरतो, त्यासाठी पुण्याचं शिवाजीनगर गाठावं लागत नाही. वाटेत असतानाच मूळ सर्जनला फोन लावून दोघांचं बोलणं करून द्या.

ताप 101 फॅरनहाइटच्या वर, स्तन लाल आणि गरम, टाक्यातून पू किंवा पाणी, टाका उघडून आतलं काही दिसणं, कातडी चकचकीत पातळ होणं. मेडिकलवरून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक सुरू करू नका. त्यानं दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर इम्प्लांट काढायची वेळ येते.

अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं. याचा इम्प्लांटच्या जागेशी संबंध नाही, पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसाकडे गेलेली असू शकते. ऑपरेशननंतर लांबचा प्रवास करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि वर्षानुवर्षं सगळं ठीक असताना एक बाजू अचानक सुजली, तर वर सांगितलेला लिम्फोमा आठवा. तो साधारण सात ते दहा वर्षांनी दिसतो, खरबरीत इम्प्लांटमध्ये मुख्यतः. सोनोग्राफी करून आतलं पाणी काढतात आणि सीडी-30 तपासणीला पाठवतात, ती या लिम्फोमाची खूण शोधते. "पाणी काढून टाकलं, झालं" असं कुणी म्हटलं तर तपासणीचा आग्रह धरा. लवकर सापडला तर इम्प्लांट आणि कॅप्सूल काढून बहुतेक बायका बऱ्या होतात.

घरी काय करायचं, काय नाही

ऑपरेशननंतर त्याच रात्री एसटीत बसून परत येऊ नका. पहिलं ड्रेसिंग होईपर्यंत त्याच शहरात राहा, नातेवाईक नसतील तर लॉज. परतीला रस्त्यापेक्षा रेल्वे बरी. नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत खालचा बर्थ घ्या, तासा-दोन तासांनी उठून डब्यात चाला, पाणी पीत राहा.

झोपायला पलंग हवा. जमिनीवरच्या गादीवरून उठताना आपण दोन्ही हातांवर जोर देतो आणि तो थेट छातीच्या स्नायूवर येतो. उताणं, पाठीखाली दोन उशा, पोटावर सहा आठवडे नाही.

पाण्याचं काम दुसऱ्याला द्या. आपल्याकडे नळ आठवड्यानं येतो तेव्हा घरातली प्रत्येक बाई हंडे भरते, आणि 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं त्या दिवसांत तर ऑपरेशन झालेल्या बायकाही रांगेत दिसायच्या. भरलेला हंडा पंधरा-वीस किलोचा. पहिले दोन आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही नाही, चार ते सहा आठवडे जड काहीच नाही. लहान मूल असेल तर ते कडेवर घेणंही यातच येतं. तान्हं रडत असताना हे पाळणं कठीण असतं. म्हणून शक्य असेल तर मूल थोडं मोठं झाल्यावरच ऑपरेशनचा विचार करा.

सपोर्ट ब्रा किंवा पट्टा सर्जन सांगतील तसा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की बायका दुपारी पट्टा काढून ठेवतात आणि घामोळ्यांनी घडी सोलवटते. दोन सुती ब्रा आलटून पालटून वापरा, घडी कोरडी पुसा, हिवाळ्यात तारीख मिळत असेल तर हिवाळाच घ्या. खाली घसरायची भीती असेल तर पट्टा खालून आधार देणारा हवा, वर अडकलं असेल तर वरून दाबणारा. यात उलटापालट झाली तर नुकसान होतं. शेजारणीचा पट्टा आणून वापरू नका.

मसाज: सर्जननी हात धरून शिकवला असेल तरच. मोबाइलवर बघून नाही. खरबरीत किंवा थेंबाच्या आकाराच्या इम्प्लांटला मसाज करत नाहीत.

शेक: ऑपरेशननंतर स्तनाच्या कातडीला काही महिने बधिरपणा असतो. गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चटका कळत नाही आणि फोड आल्यावर लक्षात येतं. पुढे बाळंतपण झालं की मालीश आणि शेक-शेगडीची वेळ येते. मालीश करणाऱ्या मावशीला छाती सोडून द्यायला सांगा, शेगडीही लांबच. कारण सांगावंसं वाटलं नाही तर "डॉक्टरांनी नको म्हणलंय" एवढं पुरतं.

दुरुस्तीचं ऑपरेशन कधी

संसर्ग, उघडलेला टाका, रक्त साठणं ही घाईची कारणं. बाकी सगळ्याला सहसा सहा महिने थांबतात, कधी वर्षभर. कारण कॅप्सूल पक्की व्हावी लागते. ओल्या मातीत भिंत बांधत नाहीत. या काळात पट्टा, विशेष ब्रा आणि जड काम टाळणं यानं काही हलकी सरकलेली इम्प्लांट सावरतात. मध्ये आलेल्या इम्प्लांटचा निर्णय मात्र सर्जन लवकर घेऊ शकतात.

आत काय करतात ते साधारण असं: ढगळ बाजूची कॅप्सूल आतून कायमच्या टाक्यांनी शिवून कप्पा लहान करतात. आवळलेल्या बाजूला कॅप्सूलवर चिरा देऊन मोकळी करतात, किंवा पूर्ण काढतात. खालची घडी छातीच्या भिंतीला शिवून पुन्हा उभी करतात. आतले ऊतक पातळ असतील तर जाळी लावतात, तिचा खर्च वेगळा. बऱ्याचदा लहान इम्प्लांट घालायला सांगतात आणि हे ऐकून बायका नाराज होतात. तेच जड इम्प्लांट त्याच शिवलेल्या कप्प्यात परत घातलं तर टाके किती दिवस धरतील?

दुसऱ्यांदा सरकण्याची शक्यता दुरुस्तीनंतरही राहते. जो सर्जन ती शून्य आहे म्हणतो त्याच्याकडून मी तरी करून घेणार नाही. इम्प्लांट काढून टाकून घरी जाणं हाही एक पूर्ण पर्याय आहे. तो निवडणाऱ्या बायका मी पाहिल्यात, पश्चात्ताप करताना फारशा पाहिल्या नाहीत.

कागद आणि पैसा

एका ठिकाणी ऑपरेशन झालेल्या बाईकडे नुसती पावती होती, इम्प्लांटची कंपनी कोणती, किती सीसी, काही नाही. दुसऱ्या सर्जनना अंधारात हात घालावा लागला. तुमच्याकडे इम्प्लांटचं स्टिकर असलेलं कार्ड हवंच: कंपनी, आकार, पृष्ठभाग, लॉट आणि सिरियल नंबर, दोन्ही बाजूंचं. ते घरातल्या सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा, तिथून ते हरवणार नाही. सोबत ऑपरेशन नोट्स: चीर कुठे, कप्पा कुठल्या थरात, घडी खाली उतरवली का. तुम्ही अर्ज केला की 72 तासांत नोंदींच्या प्रती द्यायचं बंधन डॉक्टरांवर 2002 च्या नियमावलीपासून आहे.

दुसरं मत घ्यायला जाताना समोरच्या डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी ऑनलाइन तपासता येते. भिंतीवर "कॉस्मेटिक" लिहिलेलं असणं ही पदवी नव्हे.

आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला पैसे देत नाही आणि बहुधा त्यातून आलेल्या दुरुस्तीलाही नाही. निव्वळ सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो बजेटमध्ये धरा. इम्प्लांट कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा फाटण्याला असते, सरकण्याला नसते. म्हणून पहिल्या ऑपरेशनआधीच लेखी विचारा: दुरुस्ती लागली तर सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर आणि नवीन इम्प्लांट यांतलं काय कुणी भरायचं. बरेच सर्जन स्वतःची फी सोडतात, बाकीचं तुमचं.

इम्प्लांट सरकलं म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही. संमतीपत्रात हा धोका लिहिलेला असतो. पण चुकीचा आकार, लपवलेल्या नोंदी, दुर्लक्षित संसर्ग असं काही असेल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 2019 च्या कायद्यानं ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याच्या फेऱ्या लागत नाहीत.

पुढच्या वर्षांसाठी एवढंच: सिलिकॉन इम्प्लांट आत फाटलं तरी बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा चांगली सोनोग्राफी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. मॅमोग्राफीला गेलात तर यंत्रावरच्या मुलीला इम्प्लांट आहे हे दाबायच्या आधी सांगा, त्याचे जास्तीचे वेगळे फोटो घेतात.

गंगाखेडच्या बाईंनी चौथ्या महिन्यात मापं पाठवली. स्तनाग्र ते घडी, उजवीकडे आठ, डावीकडे साडेआठ. ऑपरेशनआधीच्या सर्जनच्या कागदावरही डावं अर्ध्यानं जास्तच होतं. तो कागद त्यांनी आत्ता पहिल्यांदा वाचला होता.